आधी घोड्याजवळ, मग घोड्यावर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही हे तुम्हालाही समजेल. तुमची लेक १३ वर्षांची. दोन वर्षं आवडीनं घोडेस्वारी शिकत होती, दुडकीवर छान उठबस करत होती, कँटर, म्हणजे दुडकीपुढची वेगवान चाल, नुकताच सुरू झाला होता. तुळशीची लग्नं आटोपून लग्नसराई सुरू झाली आणि एका संध्याकाळी रिंगणालगतच्या रस्त्यावरून वरात गेली. फटाक्यांची लड लागली, घोडा उधळला, पोरगी पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्यातही, एक्स-रे काढायच्या आधीच, ‘भीती बसायला नको’ म्हणून तिला त्याच घोड्यावर बसवून एक फेरी मारायला लावली. आता मनगट बरं झालंय, पण रविवारी सकाळी तिच्या पोटात दुखतं आणि क्लबच्या फाटकाशी ती गप्प होते. वहीच्या समासात मात्र अजूनही घोडेच काढते. तिचे बाबा म्हणतात, एक तर हे बंद करू, नाही तर तिला स्वतःचा घोडा घेऊन देऊ. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातली एक शिंगरी, म्हणजे घोडीचं कोवळं पिल्लू, कुणीतरी सुचवली आहे. तुम्ही विचारता, जबरदस्ती करावी की सोडून द्यावं?

दोन्ही नको. घोडाही नको, निदान आत्ता तरी. २६ वर्षं नागपुरात मुलांना शिकवते आहे, त्यावरून सांगते, वहीच्या समासात घोडे येताहेत तोवर काहीही संपलेलं नाही.

पोटात दुखतं ते खरंच दुखतं. तिला ‘नाटक करू नको’ असं चुकूनही म्हणू नका. शरीरानं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली आहे: इथे मी पडले, आणि दुखत असताना मला पुन्हा वर बसवलं. माझ्या मते यातली दुसरी आठवण जास्त खोल गेली आहे. पडणं हा अपघात होता. पुन्हा बसवणं हा मोठ्या माणसांचा निर्णय होता आणि त्यात तिला कुणी विचारलं नाही.

‘पडलं की लगेच चढायचं’ हे घोडेस्वारीत सगळीकडे ऐकू येतं. मूल नुसतं घसरून मऊ मातीत बसलं, कुठे लागलं नाही, स्वतःच हसत उठलं आणि ‘पुन्हा बसते’ म्हणालं, तर जरूर बसवावं. पण हाड दुखावल्याची शंका असेल, डोक्याला मार असेल किंवा मूल पांढरं पडलं असेल, तर त्या दिवशी खोगीर उतरवायचं. शिकवायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी हे मला कळलं आणि ते एका मुलाच्या वाट्याचं नुकसान करून कळलं. ११ वर्षांचा होता. पडला, रडला, मी त्याला समजावून वर बसवलं. डोळ्यांतून पाणी येत असताना त्यानं तीन फेऱ्या मारल्या. कुंपणापाशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मलाही अभिमान वाटला. पुढच्या आठवड्यात त्याची आई एकटीच आली आणि क्लबचे बूट परत करून गेली. पिशवीत घालून, पॉलिश करून आणले होते. ते चकचकीत बूट मला आजही दिसतात. त्यानंतर एकाही मुलाला मी त्याच्या ‘नाही’वरून पुढे ढकललेलं नाही.

आता भीती घोड्यावर काय करते ते सांगते, कारण ‘घाबरू नको’ म्हणून उपयोग का होत नाही हे त्यात आहे. घाबरलेला स्वार गुडघे आवळतो. गुडघे आवळले की टाचा वर येतात, मांड सुटते, माणूस पुढे वाकतो, लगाम आखूड धरतो आणि श्वास रोखतो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याला जवळजवळ सगळ्या बाजूंचं, साधारण ३५० अंशांतलं दिसतं. कपाळासमोरची आणि शेपटीमागची छोटी जागा तेवढी सुटते. असा प्राणी पाठीवरच्या आवळलेल्या शरीराचा एकच अर्थ लावतो: हिला काहीतरी दिसलंय, मला अजून दिसलेलं नाही. मग तो कान टवकारतो, मान उचलतो, आणि मुलीला वाटतं की हा आता पळणार. दोघंही एकमेकांना घाबरवत राहतात.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली याचाच एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांनी घोडा धरून किंवा घोड्यावर बसून त्याच वाटेनं अनेकदा जायचं. शेवटच्या खेपेआधी त्यांना सांगितलं, यावेळी तुम्ही जाताना छत्री उघडणार आहोत. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीचं कुणी सांगितलंच नव्हतं त्या घोड्याचेही वाढले. तुमच्या लेकीच्या मनात आज एक वरात सतत वाजते आहे. तिला वर बसवलं की ती घोड्यालाही ऐकू जाणार.

म्हणून पुढचे सहा रविवार तिनं घोड्यावर बसायचंच नाही. हे तिला आजच सांगा, स्पष्ट शब्दांत. बहुतेक पोटदुखी तिथेच निम्मी होईल.

या सहा आठवड्यांत काय करायचं, ते एका मुलीच्या गोष्टीतूनच सांगते. तीही साधारण याच वयाची होती, तिचाही असाच अपघात झाला होता. माझ्याकडे चांदणी नावाची १९ वर्षांची घोडी आहे, तिला कशाचीच घाई नसते. पहिल्या दिवशी मी मुलीच्या हातात फक्त खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, दिला आणि म्हटलं, हिला कुठे खाजवलेलं आवडतं ते शोधून मला सांग. मी स्वतः दहा पावलांवर बसून नाड्या दुरुस्त करत राहिले. पहिली दहा मिनिटं ती हात लांब करून, पाय मागे ठेवून, कधीही पळता येईल अशी उभी होती. खांदा झाला, पाठ झाली. मग मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथे खरारा गेला आणि चांदणीनं मान लांब केली, खालचा ओठ लोंबला आणि थरथरायला लागला. पोरगी खदखदून हसली. ‘मॅम, हिचा ओठ पाहा ना, कसा हालून राह्यला!’ अपघातानंतर घोड्याजवळ ती पहिल्यांदा हसत होती, हे मला तिच्या आईनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या रविवारी तिला नाडी बघायला शिकवलं. घोड्याच्या जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूनं, बोटाखाली दोरीसारखी सरकणारी एक रक्तवाहिनी लागते. तिथे दोन बोटं हलकेच ठेवायची, १५ सेकंद मोजायचं, चारनं गुणायचं. निवांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. चांदणीचे ३६ भरले. मग तिनं स्वतःच्या मनगटावर मोजले, ९६. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. तिनं घोडीच्या मानेला गाल लावला, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि पुन्हा मोजले. ८४. ती आकडे वहीत लिहायला लागली. दर आठवड्याला दोन आकडे, एक घोडीचा, एक स्वतःचा. आपली भीती मोजता येते आणि आपल्याला ती खाली आणता येते, हे तिनं तिचंच शोधून काढलं. माझ्या कुठल्याही उपदेशानं हे झालं नसतं.

मग तोंडाला मोरकी, म्हणजे दोराची साधी बांधणी, घालून घोडा चालवणं. आपल्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला चिमुकली पोरं लाकडी नंदी दोरीनं ओढत नेतात. घोडा मात्र ओढायचा नसतो. दोर सैल ठेवून त्याच्या खांद्याशी उभं राहायचं, जायचंय तिकडे बघायचं आणि चालायला लागायचं. आपण थांबलो की तो थांबला पाहिजे, आपण एक पाऊल मागे घेतलं की त्यानंही घ्यावं. हे जमलं की ४०० किलोंचा प्राणी आपल्या श्वासावर, आपल्या पावलावर लक्ष ठेवतो आहे, हे मुलाला शरीरानं कळतं. घोड्यावर बसून जे नियंत्रण हवं असतं त्याचा पाया इथे जमिनीवर घातला जातो. तुमची लेक घोड्यावर दोन वर्षं बसली, पण घोडा तिला बहुधा दर वेळी खोगीर घालून तयार मिळाला असणार. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असंच चालतं, आणि ते मला मुळीच पटत नाही. घोड्यांची देखभाल करणारे सईसदादा खरारा करतात, चंदी म्हणजे दाणा घालतात, खूर साफ करतात. मुलं फक्त चढतात आणि उतरतात. मग घोडा म्हणजे एक हलतं यंत्रच वाटणार, आणि यंत्र बिघडलं की भीती वाटणारच.

या काळात दुसरीकडे तुम्ही काही गोष्टी तपासून घ्या. त्या दिवशी घोडाही घाबरला होता. त्यानंतर त्याची पाठ, दात, खूर कुणी पाहिले का? खोगीर पाठीला रुतत असेल किंवा दातांच्या कडा गालाला टोचत असतील तर शांत घोडाही लवकर बुजतो. काम थोडं आणि चंदी भरपूर असेल तरी तेच. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे नागपुरात पशुवैद्य मिळत नाही ही सबब चालणार नाही. हेल्मेट जोरात आपटलं असेल तर बदला. बाहेरून धड दिसलं तरी आतला थर दबलेला असतो. आणि ते घोडेस्वारीचंच हवं, स्कूटरचं नव्हे. बुटाला छोटी टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून, पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जात नाही. मनगटाबद्दल हाडांच्या डॉक्टरांना नेमकं विचारा, ‘पुन्हा पडली तर चालेल का?’ नुसतं ‘हाड जुळलं का’ एवढं विचारू नका. प्लास्टरमध्ये राहिलेल्या हाताची ताकद कमी होते, ती परत आणायला व्यायाम लागतो.

आणखी एक, जे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. या वयात मुली भराभर उंच होतात. इतक्या महिन्यांनी ती परत बसेल तेव्हा पाय लांब झालेले असतील, तोल बदललेला असेल, जुनं माप उपयोगाचं नसेल. रिकिबी आधीच्याच भोकावर ठेवल्या तर गुडघे वर येतील, तिला अडखळल्यासारखं होईल आणि ती त्याचा दोष स्वतःच्या भीतीला देईल. रिकिबीचं माप नव्यानं घ्यायला सांगा.

सहा आठवड्यांनंतर, ती स्वतः म्हणाली तरच, वर बसणं. माझ्याकडे यासाठी एकच नियम असतो. तिनं ‘थांब’ म्हटलं की पुढच्या पावलाला घोडा थांबतो. का, कशासाठी, अजून थोडं, असलं काहीही विचारायचं नाही. त्या मुलीनं पहिल्या दिवशी दहा मिनिटांत ११ वेळा ‘थांब’ म्हटलं. मी ११ वेळा थांबले. खरं तर ती मला तपासत होती. तिसऱ्या खेपेला तिनं तो शब्द एकदाच वापरला.

लगाम सुरुवातीला तिच्या हातात देत नाही. घोडीच्या मानेभोवती एक पट्टा असतो, तो धरायचा. दोर माझ्या हातात, फक्त चाल, दुडकी नाही. आणि मोठ्यानं पाढे म्हणायचे. १७ चा, १९ चा, जो कच्चा असेल तो. पाढा म्हणताना श्वास रोखून धरताच येत नाही, आणि डोकं ‘सतरा साते’मध्ये गुंतलं की गुडघे आपोआप सैल पडतात. गाणं चालतं, अभंगही चालतो. दहा मिनिटं झाली की, अगदी मजा येत असली तरी, खाली. ‘अजून पाच मिनिटं’ असं तिनं म्हणावं आणि मी नाही म्हणावं, हा उलटा क्रम मला हवा असतो.

उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करून घ्यायचा. दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, पुढे वाकून मानेवर हात टेकायचे, पाय मागून फिरवून उडी मारायची, उतरताना गुडघे मऊ. आधी उभ्या घोड्यावरून, मग चालत्या घोड्यावरून. ज्या मुलाला हवं तेव्हा उतरता येतं त्याला वर अडकल्यासारखं वाटत नाही. दुडकी नंतर, लांब दोरावर गोलात. कँटरचं नाव या वर्षी काढू नका. त्या मुलीला कँटरपर्यंत यायला पाच महिने लागले. कुणी महिन्यात येतं, कुणी दीड वर्षानं.

फटाक्यांची तयारी घोड्याचीही करावी लागते. चंदी खाताना मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावायचा, दिवसागणिक थोडा थोडा वाढवायचा. घोड्यानं खाणं थांबवलं तर पुन्हा कमी करायचा. हे काम तुमच्या लेकीकडेच द्या. आवाजाचं बटण तिच्या हातात असेल, आणि घोड्याचे कान बघून किती वाढवायचा ते ती ठरवेल. त्या संध्याकाळी आवाज तिच्या हातात नव्हता. तरी लग्नाच्या तिथी बघून अशा संध्याकाळी रिंगणात न जाणंच बरं. वरातींचा हंगाम कधी असतो हे नागपूरकरांना काय सांगायचं!

मधे एकदा ती मागे जाईल. जाईलच. त्या मुलीच्या दुसऱ्या महिन्यात झुडपातून प्लास्टिकची पिशवी उडाली आणि चांदणी दोन पावलं बाजूला सरकली. मुलगी ‘थांब’ म्हणाली, मी थांबले. ओठ पांढरे झाले होते. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, ‘मॅम, तिनं ती पिशवी माझ्याआधी पाह्यली.’ आणि वाकून घोडीच्या मानेवर थापटलं. पुढचे दोन रविवार ती बसली नाही, नुसता खरारा केला. मी तो वेळ वाया गेला असं मानत नाही.

आता तुमच्याबद्दल, ताई. कुंपणाला टेकून उभ्या राहू नका. तुमच्या चेहऱ्यावरची काळजी ती घोड्याच्या कानांआधी वाचते. गाडीत बसा, भाजी निवडा. व्हिडिओ काढू नका. परतताना ‘आज दुडकी केली का?’ असं विचारू नका; ‘आज घोडीचे कान कसे होते?’ असं विचारून बघा, ती घरापर्यंत बोलत राहील. आणि आजी-मामा जे प्रेमानं म्हणतात ना, ‘अगं, झाशीची राणी ना तू!’, ते थोडे दिवस बंद करायला सांगा. घाबरलेल्या मुलीला ते कौतुक वाटत नाही, ओझं वाटतं.

तिच्या बाबांना घोड्याबद्दल माझा निरोप द्या. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगिराला तो सरकारातून मिळे. आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांना बंगालमध्ये ‘बर्गी’ म्हणत, ते याच बारगीर शब्दावरून. स्वतःचा घोडा नव्हता म्हणून त्यांची मांड कच्ची नव्हती. तुमच्या लेकीला आज बारगीरच राहू द्या. शिंगरी म्हणजे अजून जग न पाहिलेलं पिल्लू, तिला स्वतःलाच धीर देणारं माणूस लागतं. काठियावाडी, मारवाडी जनावरं देखणी आणि हुशार असतात, मला फार प्रिय आहेत, पण ती चपळ आणि तरल असतात. घाबरलेलं मूल आणि कोवळं जनावर एका दोरावर बांधू नका. तिला आत्ता हवी आहे ती म्हातारी, सगळं पाहून झालेली घोडी.

तिला उड्या मारायच्या नसतील, शर्यत करायची नसेल, तरी या खेळात तिला जागा आहे. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सांघिक सुवर्ण मिळालं ते ड्रेसाजमध्ये, जिथे घोडा आणि स्वार यांच्यातला समजूतदारपणाच तपासतात. त्या चमूत मुलीही होत्या. तिला हे सांगा, पण सहज, जेवताना. स्वप्न दाखवल्यासारखं नको. ती कधीच वर बसली नाही आणि नुसती घोड्यांपाशी राहिली, तरी मला ते पूर्ण समाधानाचं वाटेल.

मात्र रात्री दचकून उठत असेल, फटाक्यांच्या आवाजानं घरातही थरथरत असेल, शाळेत लक्ष लागत नसेल, तर मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. त्याला उशीर करू नका. पडल्यापासून डोकं दुखणं, उलटी, चक्कर यांपैकी काही राहिलं असेल तर त्याआधी डॉक्टर.

उन्हाळा तोंडावर आहे, आणि मला वाटतं तो तुमच्या कामी येईल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाच ते सात एवढाच वेळ घोड्याचा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मी कुणालाच बसवत नाही, त्या दिवसांत फक्त अंघोळ. पायांपासून सुरुवात करून वर पाणी घालायचं, घोडी अंग झटकते, सगळे चिंब होतात. माझ्याकडच्या मुलांना वर्षभरातलं काय आवडलं असं विचारलं तर कुणी उड्या सांगत नाही, सगळी हीच अंघोळ सांगतात. मग पावसाळा आला की काळी माती निसरडी होते, तेव्हाही जमिनीवरचं काम चालू ठेवता येतं.

क्लबला असं सांगा: ‘फी तेवढीच घ्या, पण पुढचे सहा रविवार तिला घोड्यावर बसवायचं नाही. तुमचा सगळ्यात शांत घोडा आणि एक सईसदादा अर्धा तास द्या.’ यावर कुणी हसलं, किंवा ‘असं केलं तर ती कायमची घाबरेल’ असं म्हणालं, तर जागा बदला.

येत्या रविवारी वर्गाच्या अर्धा तास आधी जा, गर्दी नसताना. गाजरं न्या, पण उभी चिरून. गोल चकत्या घशात अडकू शकतात. कुठल्या घोड्याला द्यायची ते तिला ठरवू द्या. तळहात सपाट, अंगठा बोटांना चिकटलेला, आणि हात घोड्याच्या नाकाखाली थोडा बाजूनं, कारण ओठांच्या अगदी समोरचं त्याला दिसत नाही. तो ओठांनी आधी चाचपेल, मिशा तळव्याला गुदगुल्या करतील. तुम्ही तेव्हा फाटकापाशीच थांबा.